मिठागरांच्या गावाचं सांडपाणी

भाईंदरच्या आगऱ्यांना खाडीचं पाणी हवंच असे. उधाण आलं की बांधाची उघाडी उघडून ते आत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचं.

१९८५ला मीरा-भाईंदर नगरपालिका आली, २००२ला महापालिका. २०११च्या जनगणनेत वस्ती ८ लाखांवर! मोऱ्या-संडासांचं पाणी सेप्टिक टँकमधून नाल्यात, नाल्यातून त्याच खाडीत. उल्हास नदी इथंच समुद्राला मिळते, आणि ओहोटीनं नेलेली घाण भरती परत आणते.

भुयारी गटार योजना नंतरची. शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत प्लॅस्टिकचे चाकासारखे तुकडे गरगरतात. त्यांवरचे जिवाणू घाण खातात, त्यांच्यासाठी खालून हवा सोडतात. मिठागरात ऊन-वारा फुकट राबे. इथं विजेचं बिल येतं.