एचआयव्ही चाचणी : इतिहास व विश्वसनीयता

मानवी प्रतिरक्षा-न्यूनताकारक व्हायरसाचे (एचआयव्हीचे) संक्रामण झाले आहे किंवा नाही, हे रक्त तपासून ठरविण्याची पद्धती. संक्रामण असता ते न आढळणे व नसता आढळणे, या दोन चुका कमी करीत जाणे हाच या चाचणीचा इतिहास होय.

एड्सचे पहिले रुग्ण अमेरिकेत १९८१ मध्ये नोंदले गेले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा व्हायरस वेगळा केला. मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत एलायझा या पहिल्या चाचणीस परवाना मिळाला. दात्यांचे रक्त पारखणे हा तिचा मूळ हेतू असल्याने दूषित नमुना निसटू नये यावर भर होता. परिणामी काही निर्दोष नमुनेही सदोष ठरत. म्हणून वेस्टर्न ब्लॉट चाचणीने खात्री करून घेण्याची पद्धत रूढ झाली. भारतातील पहिली संक्रामणेही १९८६ मध्ये याच क्रमाने सिद्ध झाली. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली एस. निर्मला यांनी मद्रास (आताचे चेन्नई) येथे जमविलेले नमुने प्रथम वेल्लोर येथे एलायझाने तपासले गेले व नंतर अमेरिकेत त्यांची खात्री करण्यात आली.

एलायझा मूलतः व्हायरस नव्हे, तर त्याविरुद्ध शरीरात निर्माण झालेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार होण्यास काही आठवडे लागतात. संक्रामणापासून ते चाचणीत दिसू लागेपर्यंतच्या या अवधीस गवाक्षकाल म्हणतात. या काळात अहवाल नकारात्मक येतो. तथापि त्या व्यक्तीपासून इतरांस संक्रामण होऊ शकते. प्रतिपिंड चाचण्यांत हा काल सु. २३ ते ९० दिवसांचा असतो. पी २४ प्रतिजन व प्रतिपिंडे एकत्र शोधणाऱ्या प्रयोगशालेय चाचणीने तो १८ ते ४५, तर न्यूक्लिइक अम्ल चाचणीने १० ते ३३ दिवसांवर आला; तो शून्य मात्र झालेला नाही. म्हणून नकारात्मक अहवाल हा काही आठवड्यांपूर्वीच्या स्थितीविषयीच खात्री देतो.

सकारात्मक अहवालाचा अर्थ संक्रामणाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. समजा, १०,००० व्यक्तींपैकी २० बाधित आहेत व चाचणी निरोगी व्यक्तींच्या बाबतीत ९९·५ टक्के अचूक आहे. तर सर्व बाधित सापडूनही सु. ५० निरोगी व्यक्ती बाधित ठरतील. यासाठी भारतात लक्षणरहित व्यक्तीस बाधित ठरविण्यापूर्वी भिन्न प्रतिजनांवर वा तत्त्वांवर आधारलेल्या तीन चाचण्या करतात. बाधित मातेच्या अर्भकात मातेची प्रतिपिंडे सु. १८ महिन्यांपर्यंत आढळू शकत असल्याने तेथे न्यूक्लिइक अम्ल चाचणीच आवश्यक ठरते.