२ फेब्रुवारी : मेयरहोल्ड यांना मृत्युदंड

रशियन नट व दिग्दर्शक व्हसेवोलोद मेयरहोल्ड यांना १९४० साली आजच्या दिवशी मॉस्कोत गोळ्या घालण्यात आल्या. आरोप हेरगिरीचा, आधार मारहाण करून घेतलेल्या कबुलीचा. ती त्यांनी मागे घेतली, छळाची हकिगत पत्राने सोव्हिएत पंतप्रधान मोलोतोव्ह यांना कळवली, उपयोग शून्य.

१८७४ मध्ये पेन्झात जर्मन वंशाच्या घरी जन्मलेले मेयरहोल्ड वकिलीचे शिक्षण सोडून नाटकाकडे वळले. मॉस्को आर्ट थिएटरच्या पहिल्याच हंगामात, १८९८ मध्ये, चेखव्ह यांच्या ‘सीगल’मधला त्रेप्लेव्ह त्यांनी रंगवला. नाटकाला नवे रूप हवे म्हणून तडफडणारा तो तरुण. भूमिका नटाला अगदी शोभणारी! चार वर्षांत ते या थिएटरचे सहसंस्थापक स्तानिस्लाव्स्की यांच्यापासून वेगळे झाले, पुढे वास्तववादापासूनही दुरावले. नटाने आधी शरीर घडवावे, भावना हालचालीतून येईल, हे त्यांच्या ‘बायोमेकॅनिक्स’चे सूत्र. १९२२ मध्ये चित्रकार ल्युबोव्ह पोपोवा यांनी त्यांच्यासाठी भिंती-पडद्यांऐवजी चाके आणि जिन्यांचा सांगाडाच रंगमंचावर उभा केला. गोगोलचे ‘इन्स्पेक्टर जनरल’ (पुलंच्या ‘अंमलदार’चे मूळ) त्यांनी १९२६ मध्ये असे काही बसवले की मॉस्कोत वादळ उठले.

सरकारने १९३८ मध्ये त्यांचे थिएटर बंद केले. तेव्हा आपल्या ऑपेरा थिएटरात त्यांना काम दिले ते स्तानिस्लाव्स्कींनीच. जून १९३९ मध्ये अटक झाली. पत्नी, अभिनेत्री झिनाइदा राइख यांचा पुढच्याच महिन्यात घरात खून झाला. १९५५ मध्ये मेयरहोल्ड निर्दोष ठरले. त्यांची कागदपत्रे शिष्य सर्गेई आयझेन्स्टाइन यांनी लपवून वाचवली होती.