घडीच्या चाकूचा सांधा आणि त्याची अडीच हजार वर्षं



द्राक्षाच्या कलमांचे दिवस जवळ आले की गावातली पोरं चाकूचं विचारायला येतात. यंदाचा प्रश्न जरा वेगळा आहे. "काका, टॅक्टिकल चाकू घेऊ का?" मोबाईलवर ते चाकू दिसतात ना, काळे, जाड पात्याचे, अर्ध्या पात्याला करवतीसारखे दाते, आणि खाली लिहिलेलं असतं 'मिलिटरी दर्जा'. टॅक्टिकल म्हणजे लढाईच्या डावपेचातला. किंमत शे-दोनशेपासून पार हजारोंच्या घरात.

अवजारांचं वाचायची मला आवड आहे, म्हणून आज या चाकूचा इतिहासच लिहितो. त्यातून एक गोष्ट कळते. घडीचा चाकू पक्का की कच्चा हे पात्यावरून कमी आणि सांध्यावरून जास्त ठरतं. आणि तो सांधा पक्का करायची धडपड बहुतेक वेळा तुमच्या-माझ्यासारख्या कामकरी माणसांसाठीच झालेली आहे.

आधी अडचण समजून घ्या. साध्या सुरीचं पातं मुठीत आतपर्यंत गेलेलं असतं. घडीच्या चाकूत पातं आणि मूठ एका रिव्हेटवर जोडलेली. सरळ कापताना जोर धारेवर येतो, त्याने पातं उघडंच राहतं. पण टोक खुपसलं किंवा लाकडात रुतलेलं पातं हिसडून काढलं, की जोर पात्याच्या पाठीवर येतो आणि पातं मिटायला बघतं. मिटताना वाटेत आपली बोटं असतात.

आमच्या भागात कलम भरायला येणाऱ्या टोळीतल्या एका पोराचं असंच झालं. खुंटाला चीर पाडताना पातं अडकलं, त्याने हिसका दिला, चाकू मिटला. तर्जनी वाकवणारी शीर तुटली. टाके पडले, जखम भरली, पण बोट आजही पूर्ण मिटत नाही. दिवसाला शेकड्याने काड्या भरणारा हात होता तो. आता तो बांधणीचं काम करतो, मजुरी कमी मिळते. त्याच्या चाकूला लॉक नव्हतं, नुसती स्प्रिंग होती. पातं मात्र चांगलं जाड आणि चकचकीत होतं.

आता इतिहास.

ऑस्ट्रियात हालस्टाट म्हणून मिठाच्या खाणींचं जुनं गाव आहे. तिथे हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला, तो इसवीसनापूर्वी ६०० ते ५०० च्या काळातला. म्हणजे घडीचा चाकू अडीच हजार वर्षं जुना. पुढे रोमन लोकांनीही असे चाकू वापरले. इंग्लंडात केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात चांदीचं एक रोमन हत्यार आहे, त्यात चाकू, चमचा, काटा असं सगळं घडी होऊन बसतं. या जुन्या चाकूंचं पातं नुसत्या घर्षणावर उघडं राहायचं. रिव्हेट ढिला झाला की पातं लटलट.

पुढची पायरी म्हणजे मुठीच्या पाठीला स्प्रिंगची पट्टी. पातं उघडलं की ही पट्टी त्याच्या बुडाला दाबून धरते. सतराव्या शतकात हा प्रकार इंग्लंडातल्या शेफिल्ड गावात रुळला. तिथल्या चाकूवाल्यांची संघटना १६२४ सालची आहे. पुढे १७४० च्या दशकात तिथेच बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत वितळवून एकजीव पोलाद काढलं आणि शेफिल्डचं नाव जगभर झालं. त्या नावामागे माणसंही खपली. दगडावर पाती घासणारे कामगार धुळीने छाती भरून ऐन वयात मरायचे.

स्प्रिंगचा चाकू स्वस्त आणि सुटसुटीत, म्हणून आजही घरोघरी आहे. फळ कापायला, सुतळी तोडायला उत्तम. पण स्प्रिंग म्हणजे लॉक नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. ती पात्याला धरते, अडवत नाही.

आता 'मिलिटरी' शब्दाचं बघू. सैन्याच्या घडीच्या चाकूंत सगळ्यात गाजलेला स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सेनर याने १८८४ साली कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. त्या चाकूत काय होतं? एक पातं, भोक पाडायचा दाभण, डबा फोडायचं हत्यार आणि बंदूक खोलायला स्क्रू-ड्रायव्हर. लॉक नाही, दाते नाहीत, काळा रंग पात्याला नाही. शिपायाला जेवायचं होतं आणि बंदूक साफ करायची होती, तेवढं त्यात होतं.

साधारण त्याच वेळी फ्रान्सच्या डोंगराळ सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० साली आपला चाकू बनवला. त्याच्या घरात आजोबांपासून लोहारकाम. कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची अवजारं करायची आणि आसपासच्या शेतकऱ्यांना विकायची. जोसेफचा चाकू अगदी साधा, लाकडाची मूठ आणि पातळ पातं. १८९७ साली त्याने १ ते १२ नंबरची मापं काढली. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, तो आजही सगळ्यांत खपतो. पण या चाकूलाही लॉक नव्हतं. १९५५ साली त्याचा मुलगा मार्सेल याने सांध्यावर फिरतं पोलादी कडं बसवलं. पातं उघडून कडं फिरवलं की खाच बंद, पातं मिटूच शकत नाही. त्यात स्प्रिंग नाही, माती गेली तरी झटकून साफ होतं. शेतकऱ्याच्या चाकूला शेतकऱ्यांच्या लोहाराने दिलेलं हे लॉक आहे. एकच उणं, लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं उघडायला जड जातं.

अमेरिकेत १९६४ साली सॅन दिएगोच्या बक कंपनीने ११० नंबरचा चाकू आणला. मुठीच्या पाठीला आडवी दांडी, तिचा दात पात्याच्या खाचेत बसतो, मागे दाबलं की सुटतो. असं लॉक आधीही होतं, पण या चाकूने ते घरोघरी नेलं. हा चाकू होता शिकाऱ्यांसाठी. त्या घराण्याची सुरुवातही लोहारकामातली. हॉइट बक हा कॅन्सासमधला शिकाऊ लोहार १९०२ च्या सुमारास झिजलेल्या कानशींपासून चाकू करायचा. आपल्याकडचे लोहार जुन्या पाट्यांपासून कोयते करतात, तसंच.

आज 'टॅक्टिकल' चाकूंत जे लॉक जास्त दिसतं ते आतल्या पट्टीचं, म्हणजे लायनर लॉक. मुठीच्या आत पातळ पट्टी असते, पातं उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाखाली टेकते. या कल्पनेचं पेटंट अमेरिकेत १९०६ सालीच घेतलं गेलं होतं आणि ते लॉक इलेक्ट्रिशियनच्या चाकूत बसलं. १९८० च्या दशकात मायकल वॉकर या कारागिराने त्याला आजचं रूप दिलं. एका हाताने उघडायला पात्यात गोल भोक आणि खिशाला अडकवायची क्लिप हे १९८१ साली कोलोरॅडोच्या स्पायडर्को कंपनीने एकत्र आणलं. त्या चाकूचं नाव होतं 'वर्कर', म्हणजे कामगार. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह याने आतल्या पट्टीऐवजी मुठीचीच एक बाजू लॉक म्हणून वापरली. त्याच्या चाकूचं नाव सेबेंझा, झुलू भाषेत अर्थ 'काम'. 'टॅक्टिकल' हा शब्द बाजारात जोरात आला तो यानंतर, १९९० च्या दशकात. तोपर्यंत लॉक, क्लिप, भोक सगळं कामकऱ्यांच्या चाकूत येऊन बसलेलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण रामपूरचं. उत्तर प्रदेशातल्या या गावचे कारागीर खटक्याच्या चाकूंसाठी नावाजलेले. हिंदी सिनेमाने तो गुंडाच्या हातात दिला आणि रामपुरी म्हणजे भीती असं होऊन बसलं. १९९० च्या दशकात तिथे साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आली आणि धंदा बसला. चाकूला भीतीचं नाव चिकटलं की फटका कारागिराला बसतो, हे यातून दिसतं.

मग घेताना काय बघायचं?

पहिलं, सांधा. चाकू उघडा, पातं दोन बोटांत धरून आडवं हलवा. लटलटलं तर खाली ठेवा, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो.

दुसरं, लॉक. लॉक लावा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घ्या आणि पात्याची पाठ लाकडावर दाबा. जराही सरकलं तर नको. आतल्या पट्टीचं लॉक असेल तर पट्टी पात्याच्या बुडाला नीट टेकते का बघा. नुसती कडेला टेकली तर ती निसटणार. पार पलीकडच्या भिंतीला गेली तर झिजलेली.

तिसरं, पातं. काडीला पाचर काढायला पातळ पातं लागतं, जाड पातं काडी फाडतं. दाते आपल्या धारेच्या दगडावर घासता येत नाहीत. काळा रंग गंज थोडा थोपवतो, ताकद वाढवत नाही. साधं कार्बन पोलाद लवकर धार घेतं, पण पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं. स्टेनलेस गंजाला दमदार.

चौथं, सफाई. सांध्यात माती आणि चीक बसला की लॉक अर्धवट लागतं. आठवड्याला ब्रशने साफ करा.

आणि चांगलं लॉक असलं तरी चाकूने उचकटायचं नाही. त्याला पहार आहे.

शेवटी कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रात मोडतात, शेती आणि घरकामासाठी बनवलेले सोडून. शिवाय सणासुदीला, निवडणुकीला पोलिसांचे बंदी आदेश निघतात, तेव्हा लहान चाकूही खिशात घालून बाजारात जाऊ नका. पोलिसाने विचारलं तर कलमाचा चाकू म्हणून सांगता येतं. 'लढाईचा' असं छापलेला चाकू खिशात निघाला तर काय सांगणार?

टॅक्टिकल नावाचे सगळेच चाकू वाईट असं माझं म्हणणं नाही. काहींचे सांधे फार उत्तम असतात. पण पैसे सांध्याचे द्या, नावाचे देऊ नका. बाग उभी करणारी बोटं दहाच आहेत.

पुढच्या नोंदीत कलमचाकूला एकाच बाजूने धार का लावतात ते लिहितो. राम राम.