एक चूल, दोन खोल्या

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एका भिंतीवरून बरीच चर्चा झाली. घर १९२०च्या दशकातले. पुढे बैठकीची खोली, मागे डायनिंग रूम, आणि दोहोंच्या मध्ये धुराड्याची जाड भिंत. बैठकीच्या बाजूला फायरप्लेस आहे. तीत आधीच्या मालकांनी बसवलेला गॅसचा हीटर. डायनिंग रूमच्या बाजूला नुसता गिलावा. पत्नीने सुचवले की भिंतीचा तेवढा भाग आरपार उघडून दोन्ही खोल्यांना मिळून एकच फायरप्लेस करावी आणि डायनिंग रूमची मांडणी तिच्याभोवती नव्याने करावी. बिल्डरने येऊन गिलाव्यावर बोटे वाजवली. पोकळ आवाज आला. "इकडेही एके काळी विस्तव होता, कोणीतरी विटांनी बुजवून टाकलाय," तो म्हणाला.

आई गेली चार वर्षे आमच्याकडे असते. तिचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या चुलीच्या घरात गेले. सगळे ऐकून घेऊन तिने एकच प्रश्न विचारला, "चूल एक आणि खोल्या दोन. मग वैल कुणाच्या बाजूला?"

आमच्या मुलीला वैल म्हणजे काय ते सांगावे लागले. चुलीच्या अंगालाच एक लहान तोंड ठेवलेले असते. सरपण जळते मुख्य चुलीत, पण तिची आच आतून वैलापर्यंत पोचते. चुलीवर भाकरी चालू असताना वैलावर आमटी मंद रटरटत राहते. एका विस्तवात दोन कामे करण्याची युक्ती आपल्याकडे अशी पूर्वापार आहे. फक्त तिला कुणी 'डबल-साइडेड' म्हणून कॅटलॉगात छापले नाही.

चालू प्रोग्रॅममधली ओळ काढून टाकण्यापूर्वी ती कोणी आणि कशासाठी लिहिली हे पाहावे, असा आमच्या धंद्यातला दंडक आहे. भिंतीलाही तोच लावावा म्हणून मी वाचायला बसलो, आणि या देशातल्या घरांचा इतिहास बराचसा विस्तवाच्या स्थलांतराचा इतिहास आहे, असे दिसू लागले.

केंटमधील पेन्सहर्स्ट प्लेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सर जॉन डी पुल्टनी या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने बांधलेला तिथला हॉल १३४१ सालचा. त्याच्या फरशीच्या मधोमध अष्टकोनी अग्निस्थान आजही आहे. भिंतीत नाही, कोपऱ्यात नाही, मधोमध. त्याला धुराडे नव्हतेच. धूर वर चढायचा, उंच छताखाली रेंगाळायचा आणि सापडेल त्या वाटेने बाहेर पडायचा. मालक एका टोकाला चौथऱ्यावर, बाकीचे लांब मेजांवर. पण जेवण एका छपराखाली आणि उजेड एकाच जाळाचा. चौथऱ्याची पायरी होती, तेव्हा समतेचा सोहळा वगैरे समजू नये. तरीही अमुक जण आज जेवला की नाही, हे सर्वांना दिसत असे.

या हॉलचे वर्णन आईला वाचून दाखवले तेव्हा तिला त्यात नवल काही वाटले नाही. कौलांच्या फटींतून जाणारा धूर आणि काजळीने काळे कुळकुळीत झालेले वासे तिने पाहिलेले आहेत. इंग्लंडातले इतिहासकार अशा काजळीला मोठा पुरावा मानतात. एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चढून आढे काळे दिसले, की तिथे मूळचा उघडा हॉल आणि मधोमध विस्तव होता, हे ओळखता येते.

मग भिंतीतले धुराडे आले. किल्ल्यांत आणि मठांत ते आधीपासून होते. श्रीमंतांच्या घरांतून ते हळूहळू खाली उतरले. गंमत अशी की त्याच्याविरुद्धची तक्रार लगेचच सुरू झाली, आणि ती धुराबद्दल नव्हती. चौदाव्या शतकात 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात विल्यम लँगलंड हळहळतो की श्रीमंत लोक आता मोठा हॉल सोडून धुराडे असलेल्या खाजगी खोलीत एकटे जेवू लागले आहेत. म्हणजे धूर गेला आणि पंगतही मोडली. आपल्याकडे घर फुटले की 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतात. भारताच्या जनगणनेतही एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब, अशीच व्याख्या आहे. लँगलंडचे दुःख आपल्या वाक्प्रचारात सहज बसते.

सामान्य शेतकऱ्यापर्यंत धुराडे पोचायला आणखी दोनशे वर्षे लागली. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा धर्मगुरू विल्यम हॅरिसन याने १५७७ साली लिहून ठेवले आहे की गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेल्या बदलांपैकी तीन फार नवलाचे वाटत: धुराड्यांची वाढलेली संख्या, मऊ अंथरुणे, आणि लाकडी ताटांच्या जागी आलेली जस्ताळी भांडी. कथिलाच्या मिश्रधातूला मी जस्ताळी म्हटले, धातुशास्त्रज्ञांनी क्षमा करावी.

हे विटांचे धुराडे पुष्कळ घरांत मधोमध उभे केले गेले. एकाच उभ्या खांबाला पाठीला पाठ लावून दोन अग्निस्थाने. एक हॉलच्या बाजूला, दुसरे आतल्या खोलीच्या बाजूला. विटा वाचल्या, आणि दोन्ही विस्तवांनी तापलेला तो विटांचा ढीग रात्रभर ऊब देत राहिला. ससेक्समध्ये सिंगल्टनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात हा बदल चालत पाहता येतो. बेलीफ या घरात उघडा हॉल आणि जमिनीवरचा विस्तव. तर सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पेंडीन या घरात मधोमध विटांचे धुराडे. मुलांना घेऊन एक दिवस काढावा असे ठिकाण आहे. डबा मात्र बरोबर न्यावा.

आमच्या भिंतीतली रचना याच वंशातली: पाठीला पाठ, मध्ये विटांचा पातळ पडदा, आणि प्रत्येकीचा धूर स्वतंत्र वाटेने वर.

अग्निस्थाने मोजता येऊ लागली, तेव्हा त्यांवर कर बसणे क्रमप्राप्तच होते. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत दर अग्निस्थानामागे वर्षाला दोन शिलिंग कर आला. गरिबांना सूट होती. पण मोजणारे अधिकारी थेट घरात शिरत, आणि त्याचीच लोकांना जास्त चीड होती. १६८९ साली विल्यम आणि मेरी गादीवर येताच तो रद्द झाला. त्याआधी पाच वर्षे, १६८४ च्या जुलैअखेर, ऑक्सफर्डशरमधल्या चर्चिल गावात एका भट्टीवालीने हा कर चुकवण्यासाठी आपल्या भट्टीची भिंत फोडून ती शेजाऱ्याच्या धुराड्याला जोडली, असे सांगतात. आग लागून वीस घरे जळाली, चार माणसे गेली. एका धुराड्यावर दोन विस्तव जोडण्याचा हा प्रकार मी पत्नीला मुद्दाम वाचून दाखवला. "आपण कर चुकवत नाही आहोत," ती म्हणाली.

डायनिंग रूम ही स्वतंत्र, सजवलेली खोली म्हणून रुळली ती अठराव्या शतकात. वास्तुकार रॉबर्ट ॲडम याने १७७३ साली तिच्याबद्दल एक व्यवहारी गोष्ट लिहिली आहे. जेवणाच्या खोलीच्या भिंतींना रेशमी कापड किंवा गालिचे लावू नयेत, गिलाव्याचे नक्षीकाम करावे. म्हणजे अन्नाचा वास भिंतींत मुरत नाही. पश्चिम लंडनमध्ये ऑस्टर्ली पार्कला त्याने सजवलेली जेवणाची खोली आहे. हिंग-मोहरीच्या वासावरून ज्यांना शेजाऱ्यांची वाक्ये ऐकावी लागली आहेत, त्यांनी लक्षात ठेवावे की सरदारांच्या घरातही वासाची धास्ती होतीच.

वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसचा उल्लेख इथे करायलाच हवा. व्हिक्टोरिया राणीसाठी १८९०-९१ मध्ये तिथे दरबार रूम बांधली गेली, ती मेजवान्यांसाठी. कल्पना लॉकवुड किपलिंग यांची. आणि नक्षीचे सारे आराखडे लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या भाई राम सिंग यांचे. भिंतीछतावर पांढऱ्या गिलाव्याची जाळी, आणि फायरप्लेसच्या वर पिसारा फुलवलेला भला थोरला मोर. ब्रिटनमधल्या एका डायनिंग रूमची फायरप्लेस एका हिंदुस्थानी माणसाने आखली, याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आपण काही पहिले नाही.

ऊब देण्याच्या बाबतीत मात्र उघडी फायरप्लेस हे दिखाऊ यंत्र आहे. तिची बहुतेक उष्णता धुराड्यातून आभाळाला मिळते. काउंट रमफर्ड याने १७९६ साली यावर निबंध लिहिला. त्याने अग्निस्थान उथळ केले, बाजू तिरक्या केल्या, पाठीची भिंत पुढे आणली आणि धुराड्याचा गळा आवळला. आच परत खोलीत फेकायची ती पाठीच्या आणि बाजूंच्या भिंतींनी, हे त्याचे मर्म. आता आरपार फायरप्लेसला पाठच नाही! म्हणजे रमफर्डने जे मिळवले ते आपण हौसेने घालवतो. शिवाय ती दोन्ही खोल्यांतून हवा ओढते. एका खोलीचे दार झटकन उघडले की धूर दुसऱ्या खोलीत.

मी हिशेब केला. उघड्या विस्तवाच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या पंधरा टक्के तरी धुराड्याचा छेद हवा, असा इथल्या बांधकाम-नियमांतला ठोकताळा आहे. तोंडे दोन असली तर दोन्ही धरायची. आमचे प्रत्येक तोंड बावीस इंच बाय वीस, म्हणजे ४४० चौरस इंच. दोन्ही मिळून ८८०. त्याचे पंधरा टक्के १३२. आमचे धुराडे नऊ इंच चौरस, म्हणजे ८१. उघडा विस्तव बाद.

धुराड्यांच्या इतिहासात काळी पानेही आहेत. अरुंद वाटांतून वर चढून काजळी झाडणारी लहान मुले या देशाने शंभराहून अधिक वर्षे वापरली. १८७५ साली केंब्रिजजवळ फुलबर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकून दगावला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ती प्रथा अखेर थांबली. पुढे ५ ते ९ डिसेंबर १९५२ चे लंडनचे विषारी धुके आले. त्यात मेलेल्यांचा त्या वेळचा सरकारी अंदाज ४,०००. नंतरच्या अभ्यासांत तो आकडा १२,००० पर्यंत गेला. घराघरांतला दगडी कोळसा त्याचे एक मोठे कारण होता. १९५६ च्या क्लीन एअर ॲक्टनंतर धूरबंदीचे विभाग ठरले, मागोमाग सेंट्रल हीटिंग आले, आणि हजारो फायरप्लेस विटांनी बुजल्या. आमची डायनिंग रूमकडची त्यांतलीच असावी. भिंतीमागची ती पोकळी म्हणजे कुणाची चूक नव्हे. श्वास घेता यावा म्हणून ती बुजवली गेली.

एवढे समजल्यावर विचार सोडून द्यायला हरकत नव्हती. पण शिकागोतले फ्रँक लॉइड राइट यांचे रोबी हाउस पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहिले. १९१० सालच्या त्या घरात बैठक आणि जेवणाची जागा यांच्या मध्ये धुराड्याचा खांब आहे, आणि त्याच्या वरच्या भागात मोकळी चौकट ठेवली आहे. एका बाजूला बसलेल्याला पलीकडचे छत दिसत राहते. दोन्ही खोल्या आपापल्या जागी, पण एकमेकींना विसरत नाहीत.

आमची अडचण नेमकी तीच आहे. आई संध्याकाळी सातला जेवते. मी कामावरून नुकताच आलेला असतो, मुलगी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर. आई मागे डायनिंग टेबलावर एकटी, भिंतीकडे तोंड करून. कुणी तिला एकटे बसवलेले नाही. भिंतच तशी आहे. गणपतीला घरी मंडळी येतात तेव्हाही पुरुष पुढे, बायका मागे, आणि मध्ये ते धुराडे. इतकी वर्षे मी याला आपली रीत समजत होतो. त्यात या भिंतीचाही हात आहे.

शेवटी काच बसवलेला, दोन्हीकडून दिसणारा बंद स्टोव्ह ठरला आहे. धूरबंदीच्या विभागात चालणारा, मधला विटांचा पडदा काढून त्या जागी बसणारा, धुराड्यात पोलादी नळी. एक पेच स्वयंपाकघरातून निघाला. फोडणीसाठी आमच्याकडे जबर ताकदीचा पंखा आहे. तो हवा बाहेर फेकू लागला की घरातला दाब उतरतो आणि स्टोव्हचा धूर उलटा खोलीत येऊ शकतो. पंखा पूर्ण वेगात असतानाही धुराडे नीट ओढते आहे की नाही, हे तपासून घ्यावे लागते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. यासाठी बाहेरची हवा थेट स्टोव्हला देणारी नळी फरशीखालून घ्यावी लागेल. खर्च वाढला. बिल्डरला फोडणी ही काय चीज आहे ते दाखवण्यासाठी पत्नीने त्याच्यासमोर एकदा लसूण-मिरचीची केली. तो शिंकत शिंकत "मोठी नळी टाकू" म्हणाला.

टेबल भिंतीला समांतर, स्टोव्हपासून चार फूट दूर, म्हणजे कुणाची पाठ भाजणार नाही. काम ईस्टरनंतर सुरू होईल. आईने आपली खुर्ची कुठे ठेवायची ते आत्ताच सांगून ठेवले आहे: डायनिंग रूमच्या बाजूला, पण तोंड काचेकडे. आणि वैल नाहीच म्हणता, तर स्टोव्हचा माथा निदान आमटीची पातेली ठेवण्याइतका सपाट असावा, अशी तिची अट आहे. कॅटलॉगातल्या तीन मॉडेल्सपैकी एकाचा तसा आहे.