बाजाराच्या आवारातील कविता

मराठी कवितेचा इतिहास शिकवताना आपण कवी, संग्रह आणि कालखंड यांचा विचार करतो. कविता कोठे उभे राहून म्हटली गेली आणि ती ऐकायला समोर कोण होते, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. म्हणूनच नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटच्या आवारात, उघड्यावर, काव्यवाचन, पुस्तक प्रकाशन आणि गाणे असा कार्यक्रम योजायचा म्हटले, की 'कांद्या-बटाट्याच्या बाजारात कविता?' असे आश्चर्य प्रथम व्यक्त होते. हे आश्चर्य इतिहासाच्या कसोटीवर टिकते का, हे पाहू.

1869 हे वर्ष घ्या. त्या वर्षी जोतीराव फुले यांनी शिवाजीमहाराजांवरील पवाडा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटची इमारत पूर्ण झाली, जिला पुढे फुल्यांचेच नाव मिळाले. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध नाही, योगायोगच आहे. पण तो सूचक आहे. कुणब्या-माळ्यांनी ऐकावे म्हणून फुल्यांनी पवाड्याचा घाट निवडला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली होती. 1885 च्या सभेचे निमंत्रण मात्र फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत कष्टकऱ्यांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेत आपण काय करायचे, असा त्या पत्राचा आशय होता.

येथून मराठीत साहित्यिक मेळ्याच्या दोन परंपरा स्पष्ट दिसू लागतात. एक सभेची. तिला अध्यक्ष असतो, निमंत्रणपत्रिका असते, सत्कार असतो. 1907 मध्ये जळगावला भरलेले कविसंमेलन याच परंपरेतले. तेथे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुण कवीला 'बालकवी' ही उपाधी दिली, आणि आज आपण त्या कवीला त्याच नावाने ओळखतो. सभेचे हे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. दुसरी परंपरा फडाची. डफ-तुणतुण्याच्या आवाजाने माणसे गोळा होतात आणि रस नाही वाटला तर निघूनही जातात. पुस्तक प्रकाशन हे सभेचे अपत्य आहे, तर गाणे फडाचे. आजच्या कार्यक्रमांत हे दोन्ही शेजारी बसतात, पण गाण्याला बहुधा दोन भाषणांमधला विसावा एवढेच स्थान मिळते.

फडाची परंपरा शहरी कामगाराशी थेट भिडली ती 1944 मध्ये. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि गिरणगावातील मैदाने, चाळींची पटांगणे हीच त्याची रंगभूमी झाली. अण्णा भाऊ वाटेगावहून पायी मुंबईला आलेले. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करून जगलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची घरधनीण खरोखरच सातारा-सांगलीकडच्या गावी राहिलेली होती. काव्याचा विषय आणि काव्याचा श्रोता येथे एकच होता. वर्गात ही छक्कड शिकवताना आपण तिची रचना सांगतो, राजकीय संदर्भ सांगतो. श्रोता मात्र गाळतो. तो गाळला की अर्धी कविता हरवते.

1958 मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटनाच्या भाषणात अण्णा भाऊंनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे ही कल्पना बाजूला सारली आणि तो भार दलितांच्या व कष्टकऱ्यांच्या तळहातावर असल्याचे सांगितले. हे विधान 'माथाडी' या शब्दाशेजारी ठेवून पाहावे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी 1964 मध्ये या कामगारांची संघटना बांधली. 1969 मध्ये माथाडी कायदा झाला आणि टोळीतल्या कामगाराला मंडळाकडे नोंदणी, मजुरीची हमी आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी 18 जुलैला अण्णा भाऊ गेले आणि 29 ऑगस्टला अमर शेख. ज्यांच्यासाठी गायले, त्यांना कायद्याने ओळख मिळण्याचा आणि गाणारे आवाज थांबण्याचा काळ हा असा एकच होता.

पुढे बाजारच खाडीपलीकडे गेला. घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने हलला. क्रॉफर्ड मार्केटमधला फळांचा घाऊक व्यापार मार्च 1996 मध्ये नवी मुंबईत आला. आज फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य असे पाच बाजार तेथे आहेत. गाळे आले, गोण्या आल्या, माथाडींच्या टोळ्या आल्या. परळ-लालबागची मैदाने मात्र तिकडेच राहिली, आणि अण्णा भाऊ अभ्यासक्रमात गेले. अभ्यासक्रमात त्यांना जागा मिळाली याचा आनंदच आहे. पण तेथे त्यांना ऐकणारे आपण आहोत, ओझे उतरवून क्षणभर थांबलेला माणूस नव्हे.

तेव्हा बाजाराच्या आवारात कविता नेणे ही साहित्याने श्रमिकांवर केलेली कृपा ठरत नाही. कविता आपल्या जुन्या श्रोत्याकडे परत जाते, एवढेच. मात्र यजमानपण करायचे तर श्रोत्याचे घड्याळ मानावे लागेल. भाजीच्या गाड्या रात्री येतात, पहाटेआधी व्यवहार सुरू होतो. संध्याकाळी सात ही आपली सोयीची वेळ, ती हमालाच्या झोपेचीही असू शकते. सत्कार आवरते घ्यावे लागतील. आधी गाणे व्हावे, मग कविता, आणि पुस्तकाचे प्रकाशन शेवटी. म्हणजे जे कानांनी स्वीकारले तेच हाती घेतले जाईल. ते पुस्तक एखाद्या माथाडीच्या हस्ते प्रकाशित करताना त्याला केवळ छायाचित्रापुरते बोलावू नये. त्याला बोलायला वेळ द्यावा, आणि आपण खाली बसून ऐकावे.

एवढे करूनही कोणी थांबले नाही, तर दोष बाजाराच्या गोंगाटाला देता येणार नाही. डफाची थाप याहून मोठ्या गोंगाटात ऐकू जात होती.