दयानंद बांदोडकर : जनमत कौलातील पराभव आणि नेतृत्वाचा जनाधार (१९६३-१९७३)

प्रस्तावना

गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर ऊर्फ भाऊसाहेब यांच्या राजकीय कारकिर्दीत एक लक्षणीय विसंगती आढळते. ज्या मागणीसाठी त्यांचा पक्ष स्थापन झाला, ती गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाची मागणी मतदारांनी जानेवारी १९६७ मध्ये नाकारली. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांत त्याच मतदारांनी त्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. या विसंगतीचा उलगडा करून बांदोडकरांच्या नेतृत्वाचा खरा आधार कोणता होता, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण व सामाजिक पार्श्वभूमी

बांदोडकरांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. गोमंतक मराठा समाजातून आलेल्या बांदोडकरांनी खाण व्यवसायात मोठे यश मिळविले आणि दानशूर उद्योजक म्हणून लौकिक संपादन केला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ग्रामीण गोव्याची रचना भाटकार आणि मुंडकार यांच्या संबंधांवर उभी होती. मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीत असे. त्यामुळे केवळ उपजीविकाच नव्हे, तर डोक्यावरचे छप्परही जमीनमालकाच्या मर्जीवर अवलंबून राही. पोर्तुगीज राजवटीतील शिक्षण व प्रशासन यांचा लाभ प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदू व ख्रिस्ती अभिजनांना मिळाला होता. नव्या काबिजादीतील बहुजन समाज मात्र या दोहोंपासून दूर राहिला होता. या समाजाला मताधिकार मिळणे ही मुक्तीइतकीच मोठी घटना होती.

१९६३ चा कौल

विधानसभेची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. तीस जागांपैकी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व त्याचा मित्रपक्ष प्रजासमाजवादी यांना मिळून १६, तर डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. गोव्यातील २८ मतदारसंघांपैकी एकाही ठिकाणी काँग्रेसला यश मिळाले नाही. राष्ट्रीय चळवळीचा वारसा सांगणाऱ्या पक्षाचा हा पराभव पुरेसा बोलका होता. बांदोडकर स्वतः या निवडणुकीत उमेदवार नव्हते. तरीही २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि नंतर पोटनिवडणुकीद्वारे ते विधानसभेत आले.

या विजयाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पक्षाने तो विलीनीकरणाला मिळालेला कौल मानला. मात्र मतदाराच्या दृष्टीने मराठी भाषा, महाराष्ट्र, कुळांचे हक्क आणि अभिजनांच्या वर्चस्वातून सुटका या सर्व गोष्टी एकाच मतात गुंफलेल्या होत्या. त्यांतील कोणती गोष्ट मतदाराला अधिक मोलाची वाटत होती, हे निवडणुकीवरून ठरविणे शक्य नव्हते. ते ठरविण्याचे काम जनमत कौलाने केले.

जनमत कौल

गोवा विधानसभेने १९६५ मध्ये विलीनीकरणाचा ठराव संमत केला. विरोधकांनी हा प्रश्न थेट जनतेपुढे नेण्याचा आग्रह धरला. संसदेने जनमत कौलाचा कायदा केल्यानंतर, मतदान निःपक्षपाती वातावरणात व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी 'फूल' आणि स्वतंत्र अस्तित्वासाठी 'दोन पाने' अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. पेडण्यासारख्या तालुक्यात विलीनीकरणाला मोठा पाठिंबा मिळाला, तर सासष्टीने ते ठामपणे नाकारले.

३४,०२१ मतांचा हा फरक केवळ धर्माच्या आधारे स्पष्ट करता येत नाही. गोव्यात हिंदू मतदार बहुसंख्य होते. त्यांच्यातील एका मोठ्या गटाने विरोधी मत दिल्याशिवाय हा निकाल लागणे अशक्य होते. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयीची नाराजी, नोकऱ्या परक्यांच्या हाती जाण्याची भीती, गोवा एका जिल्ह्याच्या दर्जावर येईल ही शंका आणि महाराष्ट्रातील दारूबंदीमुळे माडी काढणाऱ्या रेंदेरांना वाटणारी धास्ती या बाबी विरोधी प्रचारात प्रभावी ठरल्या. कोकणी अस्मितेलाही याच प्रचाराने संघटित रूप दिले.

पुनरागमन आणि त्याचा अर्थ

मार्च १९६७ मधील विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा १६ जागा मिळाल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जनमत कौल जिंकणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाच्या जागा १२ च राहिल्या. मतदारांनी विलीनीकरण आणि बहुजनांची सत्ता हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे तोलले, असाच याचा अर्थ होतो. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना दिलेले संरक्षण आणि खेडोपाडी काढलेल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा यांचा अनुभव मतदारांच्या गाठीशी होता. ज्या घरात पूर्वी अक्षरओळख नव्हती, त्या घरातील मूल शाळेत जाऊ लागले होते. पक्षाच्या नावातील महाराष्ट्रापेक्षा हा बदल अधिक जवळचा होता.

पुढील काळात मुंडकार, शेतमजूर व ग्रामीण कारागीर यांना घरातून हुसकावण्यास प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा झाला. १९७० मध्ये कला अकादमीची स्थापना झाली. त्याच वर्षी पक्षातील काही आमदारांनी बंड केले. तरीही बांदोडकरांचे सरकार टिकले आणि १९७२ च्या निवडणुकीत पक्षाला १८ जागा मिळाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

मर्यादा

या नेतृत्वाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. पक्षाची सूत्रे एकाच व्यक्तीभोवती केंद्रित राहिली. त्यांच्या पश्चात मुख्यमंत्रिपद त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे गेले आणि १९७९ मध्ये पक्षाची सत्ता संपुष्टात आली. कसणाऱ्याला जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती बांदोडकरांच्या हयातीत झाली नाही. ती १९७६ मध्ये झाली. स्वतः खाणमालक असलेल्या या नेत्याच्या सुधारणांचा रोख शेतजमीन व निवास यांवर राहिला, खाण व्यवसायातील मालकी-संबंधांना त्यांनी हात घातला नाही, हेही विसरता येत नाही.

निष्कर्ष

गोव्याला ३० मे १९८७ रोजी घटकराज्याचा दर्जा मिळाला. ज्या स्वतंत्र अस्तित्वाला बांदोडकरांनी विरोध केला, त्याचाच हा परिणत टप्पा होता. तथापि या राज्यातील बहुजन समाज साक्षर, मतदार म्हणून जागृत आणि कायद्याने संरक्षित झाला, यात त्यांच्या राजवटीचा वाटा मोठा होता. जनमत कौलाने त्यांची मागणी फेटाळली. पण त्या मागणीपलीकडे त्यांनी मिळविलेला विश्वास किती खोलवर रुजला होता, हेही त्याच वर्षाने सिद्ध केले. प्रादेशिक नेत्याचे मूल्यमापन केवळ त्याच्या पक्षाच्या घोषित उद्दिष्टावरून करता येत नाही. त्या घोषणेच्या आडून समाज कोणती अपेक्षा व्यक्त करीत होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने तपासले पाहिजे. बांदोडकरांची कारकीर्द याचे ठळक उदाहरण होय.