पिंगचं उत्तर

"जेवून आलो की पिंग करतो तुला." ऑफिसात हे वाक्य आपण रोज ऐकतो. पण हा शब्द आपल्या धंद्यात आला कुठून?

त्यासाठी १९८३ सालच्या अमेरिकेत जावं लागेल. मेरीलँडमधल्या लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस नावाचा प्रोग्रामर होता. त्या जुलैत नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्हिड मिल्स त्याला सहज बोलता बोलता म्हणाले, की ते एको पॅकेट पाठवून, उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजतात. डिसेंबरात लॅबचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं आणि मूसला ते आठवलं. भराभर प्रोग्राम लिहिला, कंपाइलही झाला, पण चालेना! युनिक्सच्या कर्नेलमध्ये लागणारी सोयच नव्हती. पठ्ठ्याने चिडून कर्नेलमध्ये तीही घातली आणि उजाडायच्या आत सगळं चालू केलं. हजारेक ओळींचा कोड. सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग.

गंमत म्हणजे पहिलं पिंग सुटायच्या आधीच एका सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर शोधून दुरुस्त केलं होतं :) पुढे बर्कलीच्या मंडळींनी तो कोड आपल्या युनिक्समध्ये घेतला आणि पिंग जगभर गेलं. मूस २००० साली मोटार अपघातात गेला.

आता माझा पराक्रम. पहिल्या नोकरीत रात्रपाळीला होतो. एका बाईंचा फोन आला, पैसे भरायचं पान उघडत नाही, आज शेवटची तारीख आहे. मी पिंग केलं. दोन मिलिसेकंदात उत्तर! "सर्व्हर व्यवस्थित आहे मॅडम, तुमचं नेट बघा." दोन तासांनी कळलं, डेटाबेसची डिस्क भरली होती.

पिंगला उत्तर देतो कर्नेल. वरचं ॲप्लिकेशन मेलंय की जिवंत, त्याला पत्ताच नसतो. दुकानातला दिवा चालू आहे म्हणजे गल्ल्यावर कोणी बसलंय असं थोडंच?

यात पिंगची काही चूक नाही. मूसचा प्रश्न रस्त्याबद्दल होता, आणि त्याचं उत्तर पिंग आजही चोख देतं. बाईंचा प्रश्न होता, माझे पैसे भरले गेले का? ते मोजायचं तर दर मिनिटाला चाचणीचा एक व्यवहार शेवटपर्यंत करून बघावा लागतो, आणि त्याला किती वेळ लागला तेही लिहून ठेवावं लागतं. आम्ही ते नंतर सुरू केलं.

असो. त्या बाईंना परत फोन करायचा मात्र राहूनच गेला.